डे ऑफ द फाइट

हा लेख १९५१ सालच्या लघुपटाविषयी आहे. याच नावाचा जॅक ह्यूस्टन दिग्दर्शित पूर्ण लांबीचा कथापट २०२३ साली आला. तो स्वतंत्र चित्रपट आहे.

डे ऑफ द फाइट हा स्टॅन्ली कुब्रिक यांनी दिग्दर्शित केलेला कृष्णधवल अमेरिकन लघुपट आहे. कुब्रिक यांची ही पहिलीच चित्रपटकृती होय. मध्यम वजनगटातील व्यावसायिक मुष्टियोद्धा वॉल्टर कार्टियर यांचा लढतीच्या दिवशीचा दिनक्रम, पहाटेपासून रात्री लढत संपेपर्यंत, त्यात दाखविला आहे. चित्रपटातील लढत १७ एप्रिल १९५० रोजी न्यू जर्सी राज्यातील न्यूअर्क येथे बॉबी जेम्स या प्रतिस्पर्ध्याशी झाली. चित्रपट २६ एप्रिल १९५१ रोजी न्यूयॉर्कच्या पॅरामाउंट चित्रपटगृहात प्रथम प्रदर्शित झाला. त्याची लांबी सुमारे १६ मिनिटे असून, आरंभीचा भाग वगळलेली सुमारे १२ मिनिटांची आवृत्तीही प्रचलित आहे.

हा चित्रपट माहितीपट म्हणून ओळखला जातो. त्यातील व्यक्ती खऱ्या आहेत आणि लढतही खरी आहे. मात्र दिवसभरातील अनेक प्रसंग कॅमेऱ्यासाठी मांडून चित्रित केलेले आहेत आणि त्यांची गुंफण एखाद्या नाट्यकथेसारखी आहे. मुष्टियुद्ध हा प्रेक्षकांच्या दृष्टीने खेळ असला, तरी लढणाऱ्याच्या दृष्टीने ते पोटापाण्याचे काम आहे, हा त्याचा मुख्य विचार आहे.

पार्श्वभूमी

स्टॅन्ली कुब्रिक यांचा जन्म २६ जुलै १९२८ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. शालेय वयातच, १९४५ साली, त्यांनी ‘लुक’ या सचित्र पाक्षिकाला आपले पहिले छायाचित्र विकले आणि पुढे ते त्याच नियतकालिकाचे छायाचित्रकार झाले. अनेक छायाचित्रे क्रमाने मांडून एखाद्या माणसाची किंवा व्यवसायाची गोष्ट सांगणारे लेख हे ‘लुक’चे वैशिष्ट्य होते. कोणते छायाचित्र आधी, कोणते नंतर, दोन चित्रांच्या मधला काळ वाचकाच्या मनात कसा भरून निघेल, याचे शिक्षण कुब्रिक यांना या नोकरीत मिळाले.

‘लुक’च्या १८ जानेवारी १९४९ च्या अंकात त्यांचा ‘प्राइझफायटर’ हा चित्रलेख प्रसिद्ध झाला. त्याचा नायक वॉल्टर कार्टियर हाच होता. सराव, घर, वाट पाहणे आणि लढत असा कार्टियर यांचा दिनक्रम त्यात स्थिर चित्रांतून मांडला होता. डे ऑफ द फाइट हा या चित्रलेखाचाच चित्रपटरूपी विस्तार आहे. विषय आणि माणूस दोन्ही पूर्वपरिचित असल्यामुळे नवख्या दिग्दर्शकाला शोधाशोधीत वेळ व पैसा घालवावा लागला नाही.

चित्रपट काढण्याची कल्पना सुचण्यामागे एक साधा हिशेब होता. कुब्रिक यांचे शाळेपासूनचे मित्र अलेक्झांडर सिंगर हे ‘द मार्च ऑफ टाइम’ या वृत्तपटमालेच्या कार्यालयात कामाला होते. एका रिळाच्या, म्हणजे आठ-नऊ मिनिटांच्या, लघुपटासाठी ही संस्था सुमारे ४०,००० डॉलर खर्च करते, असे सिंगर यांच्याकडून कुब्रिक यांना समजले. भाड्याचा कॅमेरा, कच्ची फिल्म आणि प्रयोगशाळेचे दर विचारून पाहिल्यावर तेवढ्याच लांबीचा चित्रपट या रकमेच्या अल्पशा भागात होऊ शकेल, असा निष्कर्ष त्यांनी काढला. भांडवल मुख्यतः नोकरीतून शिल्लक टाकलेल्या पैशांचे होते. चित्रीकरणाच्या वेळी त्यांचे वय २१ वर्षांचे होते.

त्या काळी अमेरिकेत मुष्टियुद्धाला मोठा प्रेक्षकवर्ग होता आणि दूरचित्रवाणीवरून लढती नियमित दाखविल्या जात होत्या. रॉबर्ट रॉसेन यांचा ‘बॉडी अँड सोल’ (१९४७), मार्क रॉबसन यांचा ‘चॅम्पियन’ (१९४९) आणि रॉबर्ट वाइज यांचा ‘द सेट-अप’ (१९४९) हे मुष्टियोद्ध्यांवरील कथापट नुकतेच येऊन गेले होते. त्यांच्या कथा लाच, गुन्हेगारी आणि महत्त्वाकांक्षा यांभोवती फिरतात. कुब्रिक यांच्या लघुपटात यांपैकी काहीही नाही. आहे तो फक्त एका दिवसाचा कालक्रम.

आशय

चित्रपटाचा आरंभ मुष्टियुद्धाच्या सर्वसाधारण परिचयाने होतो. गर्दीची दृश्ये आणि लढतींचे तुकडे दाखवून निवेदक या व्यवसायाकडे लोक का आकृष्ट होतात, याची चर्चा करतो. ‘द रिंग’ या मुष्टियुद्धविषयक मासिकाचे संस्थापक आणि या खेळाचे इतिहासकार नॅट फ्लायशर जुन्या नोंदी चाळताना दिसतात. या व्यवसायात उतरणारे पुष्कळ, पण त्यावर नीट उदरनिर्वाह करू शकणारे थोडे, हा मुद्दा येथे मांडला जातो. लहान आवृत्तीत हा भाग गाळलेला आहे.

यानंतर निवेदन एका व्यक्तीवर स्थिरावते. न्यूयॉर्कच्या ग्रीनविच व्हिलेज भागातील एका लहानशा घरात वॉल्टर कार्टियर पहाटे जागे होतात. शेजारी त्यांचे जुळे भाऊ व्हिन्सेंट आहेत. व्हिन्सेंट व्यवसायाने वकील असून वॉल्टर यांचे व्यवस्थापनही तेच पाहतात. लढतीच्या दिवशी ते भावाची सोबत सोडत नाहीत. दोघे सकाळच्या मिस्सेला जातात. रात्री काही विपरीत घडलेच तर, म्हणून वॉल्टर यांना कम्युनियन घेणे महत्त्वाचे वाटते, असे निवेदक सांगतो. आवाज न चढवता सांगितलेल्या या माहितीमुळे पुढच्या साऱ्या शांत प्रसंगांवर धोक्याची छाया पडते.

पुढे वैद्यकीय तपासणी व वजन करण्याचा विधी येतो. मध्यम वजनगटाची कमाल मर्यादा १६० पौंड, म्हणजे सुमारे ७२.५ किलोग्रॅम असते. दुपारी वॉल्टर आपल्या आवडत्या उपाहारगृहात जेवतात. उरलेला वेळ घरी जातो. लढत रात्री दहाला आहे आणि दिवसभर करण्यासारखे फारसे काही नाही. हे रिकामेपणच चित्रपटाच्या मध्यभागाचा विषय आहे. दुपारी चार वाजता सामानाची बांधाबांध सुरू होते. लढतीला लागणाऱ्या वस्तू एकेक करून पिशवीत जातात. निघण्यापूर्वी वॉल्टर आरशासमोर उभे राहून आपला चेहरा न्याहाळतात, नाक चाचपून पाहतात. उद्या सकाळी हा चेहरा असाच असेल की नाही, हा प्रश्न या दृश्यात आहे.

रात्री आठच्या सुमारास दोघे भाऊ न्यूअर्कच्या लॉरेल गार्डन या सभागृहातील कपडे बदलण्याच्या खोलीत असतात. व्हिन्सेंट भावाच्या हातांना पट्ट्या बांधतात. घड्याळ पुढे सरकते तसा घरातला सौम्य वॉल्टर मागे पडतो आणि रिंगणात उतरणारा वेगळाच कठोर माणूस आकार घेतो, असे निवेदक सांगतो. अखेर बोलावणे येते.

लढतीचा भाग अवघ्या काही मिनिटांचा आहे. कार्टियर जेम्स यांना नॉकआउटने पराभूत करतात. समारोपात निवेदक तीन दृष्टी एकत्र आणतो. प्रेक्षकांना एका माणसाने दुसऱ्यावर मिळविलेला विजय दिसला, नोंदवहीत नाव, स्थळ आणि दिनांक यांची एक ओळ वाढली. पण स्वतः वॉल्टर यांच्यासाठी कामाचा एक दिवस संपला, एवढेच घडले.

निर्मिती

चित्रीकरणासाठी बेल अँड हॉवेल कंपनीचा आयमो हा ३५ मिलिमीटरचा कॅमेरा वापरला गेला. हा चावीवर चालणारा, हातात धरता येण्याजोगा दणकट कॅमेरा वृत्तपटांचे छायालेखक आणि युद्धवार्ताहर वापरीत असत. त्यात १०० फुटांचे रीळ बसते. सेकंदाला २४ चौकटी या वेगाने असे रीळ एका मिनिटापेक्षा थोडाच अधिक काळ चालते. व्यावसायिक मुष्टियुद्धाची एक फेरी तीन मिनिटांची असते. म्हणजे एका कॅमेऱ्याने संपूर्ण फेरी सलग टिपणे अशक्य होते.

घरातील, चर्चमधील किंवा उपाहारगृहातील प्रसंग पुन्हा करून घेता येत होते, लढत मात्र पुन्हा होणार नव्हती. निर्णायक ठोसा पडताना कॅमेरा रिकामा राहिला असता, तर चित्रपटाला शेवटच उरला नसता. त्यामुळे लढतीसाठी दोन कॅमेरे ठेवण्यात आले. एक कुब्रिक यांनी हातात धरून रिंगणालगत चालविला आणि दुसरा सिंगर यांनी तिपाईवरून. एकाचे रीळ बदलले जात असताना दुसऱ्याचा कॅमेरा चालू राहावा, अशी ही योजना होती.

रिंगणाच्या अगदी जवळून आणि खालच्या बाजूने घेतलेली दृश्ये या भागाचे वैशिष्ट्य मानली जातात. कोपऱ्यातील बैठकीच्या पायांमधून समोरचा प्रतिस्पर्धी दाखविणारी चौकट विशेष उल्लेखिली जाते. वृत्तपटांतील लढती सामान्यतः दुरून, उंचावरून आणि दोन्ही खेळाडू स्पष्ट दिसतील अशा रीतीने चित्रित केल्या जात. येथे प्रेक्षकाला कोपऱ्यात बसलेल्या माणसाच्या नजरेच्या पातळीवर आणले आहे.

चित्रपटाचा बहुतेक भाग ध्वनीविना चित्रित करून निवेदन, संगीत आणि परिणामध्वनी नंतर जोडण्यात आले. ही काटकसरीची गरज होती. संवाद जागेवर ध्वनिमुद्रित करण्यासाठी अवजड सामग्री आणि अधिक माणसे लागली असती. परिणामी पात्रांच्या मनात काय चालले आहे हे सांगण्याची सारी जबाबदारी निवेदनावर आली. निवेदन रॉबर्ट राइन यांनी लिहिले आणि सीबीएस वाहिनीचे वृत्तनिवेदक डग्लस एडवर्ड्स यांनी ते वाचले. बातम्या सांगणारा परिचित, निर्विकार आवाज आणि त्यातून सांगितली जाणारी खासगी धास्ती यांच्या मेळातून चित्रपटाचा विशिष्ट सूर तयार झाला.

पार्श्वसंगीत जेराल्ड फ्रीड यांचे आहे. ते कुब्रिक यांचे मित्र आणि ओबो या सुषिरवाद्याचे वादक होते. चित्रपटाला संगीत देण्याची त्यांचीही ही पहिलीच वेळ होती.

प्रदर्शन आणि अर्थकारण

चित्रपटाचा एकूण खर्च ३,९०० डॉलर झाला. अपेक्षित मोठी किंमत कोणत्याही वितरकाने दिली नाही. अखेर आरकेओ-पाथे या संस्थेने तो ४,००० डॉलरना विकत घेतला आणि ‘धिस इज अमेरिका’ या आपल्या लघुपटमालेत समाविष्ट केला. अनेक महिन्यांच्या श्रमांतून हाती आलेला नफा १०० डॉलरचा होता. पॅरामाउंट चित्रपटगृहात तो ‘माय फॉरबिडन पास्ट’ या कथापटासोबत दाखविण्यात आला.

कुब्रिक यांचा मूळ हिशेब खर्चाच्या बाजूने बरोबर ठरला, उत्पन्नाच्या बाजूने चुकला. मोठ्या संस्थांच्या मालांचा खर्च अवाढव्य होता, याचा अर्थ बाहेरून आलेल्या लघुपटाला तेवढी किंमत मिळेल असा होत नव्हता. शिवाय मुख्य चित्रपटाआधी लघुपट दाखविण्याची प्रथाच त्या सुमारास ओसरू लागली होती. वृत्त आणि माहिती घरबसल्या देणाऱ्या दूरचित्रवाणीने या मालांचे प्रयोजन काढून घेतले. ‘द मार्च ऑफ टाइम’ आणि ‘धिस इज अमेरिका’ या दोन्ही माला १९५१ सालीच बंद पडल्या. ज्या बाजारपेठेच्या भरवशावर हा चित्रपट काढला, ती त्याच्या प्रदर्शनाच्या वर्षीच मिटत होती.

तरीही या विक्रीचा एक परिणाम दूरगामी ठरला. आरकेओने पुढील लघुपटासाठी कुब्रिक यांना १,५०० डॉलर आगाऊ दिले. त्यातून न्यू मेक्सिकोतील एका विमानचालक धर्मगुरूवरील ‘फ्लाइंग पाद्रे’ (१९५१) तयार झाला. कुब्रिक यांनी ‘लुक’मधील नोकरी सोडून चित्रपटनिर्मिती हाच पूर्णवेळ व्यवसाय केला.

वास्तव आणि मांडणी

डे ऑफ द फाइटला शुद्ध माहितीपट म्हणावे की नाट्यरूप दिलेला माहितीपट, हा प्रश्न त्याच्या स्वरूपातूनच निर्माण होतो. झोपेतून उठण्याचा, आरशात पाहण्याचा किंवा सामान भरण्याचा प्रसंग कॅमेरा खोलीत असताना आपोआप घडत नाही; त्यासाठी दिवे लावावे लागतात आणि माणसाला काय करायचे ते सांगावे लागते. त्या काळच्या वृत्तपटमालांत अशी पुनर्रचना सर्रास केली जात असे आणि प्रेक्षकही ती गृहीत धरीत.

चित्रपटाचे सामर्थ्य या मिश्रणात आहे. मांडून घेतलेल्या प्रसंगांच्या शेवटी खरी, अनिश्चित लढत येते. कथापटातील नायक जिंकणार की हरणार हे लेखक ठरवितो. येथे ते ठरविणारा कोणी नव्हता. कार्टियर हरले असते तर सकाळपासूनच्या त्याच दृश्यांना अगदी वेगळा अर्थ प्राप्त झाला असता.

या मांडणीची एक मर्यादाही आहे. संपूर्ण दिवस एकाच माणसाच्या बाजूने सांगितल्यामुळे बॉबी जेम्स यांच्याविषयी चित्रपट जवळजवळ काहीच सांगत नाही. त्यांची सकाळ, त्यांचे घर, त्यांच्यासोबत आलेली माणसे पडद्यावर येत नाहीत. चित्रपट ज्याला कामाचा दिवस म्हणतो, तो त्या रात्री दोन माणसांचा संपला होता. त्यांपैकी एकाचाच दिवस प्रेक्षकाला दिसतो.

कुब्रिक यांच्या पुढील चित्रपटांशी संबंध

या लघुपटातील अनेक घटक कुब्रिक यांच्या नंतरच्या कामात पुन्हा आढळतात. ‘किलर्स किस’ (१९५५) या अल्पखर्चिक कथापटाचा नायक डेव्ही गॉर्डन हा उतरणीला लागलेला मुष्टियोद्धा आहे. आरशासमोरचा चेहरा, लढतीपूर्वीची तयारी आणि रिंगणालगत हातात धरलेला कॅमेरा हे सारे तेथे पुन्हा येते. मात्र डेव्ही हरतो. तो चित्रपट सुमारे ७५,००० डॉलरमध्ये तयार झाला.

घड्याळाच्या वेळा सांगत पुढे जाणारे निवेदन ‘द किलिंग’ (१९५६) या चित्रपटात कथेचा कणा बनले. ‘बॅरी लिंडन’ (१९७५) या अन्यथा अतिशय स्थिर, चित्रवत दृश्यरचना असलेल्या चित्रपटात मुठींच्या लढतीचा प्रसंग हातात धरलेल्या कॅमेऱ्यानेच टिपला आहे. संगीतकार फ्रीड यांनी ‘फिअर अँड डिझायर’ (१९५३), ‘किलर्स किस’, ‘द किलिंग’ आणि ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’ (१९५७) या कुब्रिक यांच्या चित्रपटांना संगीत दिले. सिंगर हेही पुढे दिग्दर्शक झाले.

वॉल्टर कार्टियर यांनी काही काळ मुष्टियुद्ध सुरू ठेवले आणि नंतर ते अभिनयाकडे वळले. ‘द फिल सिल्व्हर्स शो’ या विनोदी दूरचित्रवाणी मालिकेत त्यांनी सैनिक डिलिंगहॅमची भूमिका केली. १९९५ साली त्यांचे निधन झाले.

महत्त्व

कुब्रिक यांच्या नंतरच्या कीर्तीमुळे हा लघुपट आज प्रामुख्याने एका थोर दिग्दर्शकाचा पहिला प्रयत्न म्हणून पाहिला जातो. परंतु अल्प साधनांत चित्रपट कसा उभा राहतो याचा नमुना म्हणूनही त्याचे अभ्यासमूल्य आहे. निवड एका माणसाची, काळ एका दिवसाचा, ठिकाणे मोजकी, संवादांऐवजी निवेदन आणि शेवटी एक खरी घटना, अशी ही रचना आहे. खर्च कमी ठेवणारा जवळजवळ प्रत्येक निर्णय येथे आशयालाही उपकारक ठरला आहे. लढतीपेक्षा लढतीची वाट पाहण्याला अधिक वेळ देणे, हा त्यांपैकी सर्वांत महत्त्वाचा निर्णय होय. वाट पाहण्याचे चित्रण स्वस्तात होते. आणि मुष्टियोद्ध्याच्या दिवसाचा मोठा भाग प्रत्यक्षात त्यातच जातो.

निर्मितीतील सहभाग

दिग्दर्शन व निर्मिती: स्टॅन्ली कुब्रिक
छायालेखन: स्टॅन्ली कुब्रिक, अलेक्झांडर सिंगर
निवेदन-लेखन: रॉबर्ट राइन
निवेदन: डग्लस एडवर्ड्स
संगीत: जेराल्ड फ्रीड
पडद्यावर: वॉल्टर कार्टियर, व्हिन्सेंट कार्टियर, बॉबी जेम्स, नॅट फ्लायशर
वितरण: आरकेओ
भाषा: इंग्रजी